जिल्ह्यातल्या वकिली ऑफिसची 'फर्म' कशी होते? (कोल्हापूर सर्किट बेंचच्या निमित्ताने)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी,

आजोबांनी १९५४ साली सांगलीत वकिली सुरू केली. कुळकायद्याचे दिवस होते. १ एप्रिल १९५७ ला कृषक दिन आला, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांना तिचे मालक मानलं गेलं तो दिवस, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या ओसरीवर सकाळपासून कुळं बसलेली असायची. बाबांच्या काळात सहकार आला. सोसायट्या, साखर कारखाने, नागरी बँकांच्या वसुल्या. माझ्याकडे भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याची कामं जास्त आहेत. काम बदलत गेलं, ऑफिस मात्र आहे तेवढंच राहिलं: एक वकील, एकदोन ज्युनियर, एक कारकून आणि भिंतभर कपाटं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याखाली आहेत. आधी अपील झालं की आमची फाइल महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जायची आणि तिथून पुढे ती आमची राहायची नाही. आता तेच काम पन्नास किलोमीटरवर आलंय. म्हणून आम्ही चौघांनी (सांगलीतून मी, कोल्हापूरचा वर्गमित्र, कराडची एक मैत्रीण आणि रत्नागिरीचा एकजण) मिळून फर्म काढावी असं चाललंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुंबईत १८३० ची क्रॉफर्ड बेली, १८५६ ची लिटल अँड कंपनी अजून उभ्या आहेत. आमच्याकडे वकील गेले की ऑफिसला कुलूप लागतं. असं का? आणि दुसरं, फर्मला नाव कुणाचं द्यायचं? बाबा म्हणतात आजोबांचं. बाकीचे तिघं यावर काही बोलत नाहीत, आणि त्यांचं गप्प राहणं मला टोचतंय.

पंचगंगा

आधी अभिनंदन! बेंचसाठी आमच्या वडिलांच्या पिढीने उपोषणं केली, काम बंद ठेवलं, मोर्चे काढले. चाळीस वर्षांहून जास्त चाललेली मागणी. १७ ऑगस्टला सरन्यायाधीश भूषण गवईंच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या त्या जुन्या कोर्टाच्या इमारतीबाहेर मी गर्दीत उभा होतो. वडील असायला हवे होते.

प्रश्नाचं उत्तर जाणकार देतीलच. वाचतोय.

फोर्टकर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्यापैकी देता येईल. मी फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये तीन वर्षं आर्टिकल्ड क्लार्क (शिकाऊ उमेदवार) होतो, नंतर तिथेच तीस वर्षं काढली.

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात तिथे, कामाची वाटणीच वेगळी होती. पक्षकार यायचा ॲटर्नीकडे, म्हणजे सॉलिसिटरकडे. तो कागद जमवायचा, दाव्याचा मसुदा करायचा, पत्रव्यवहार सांभाळायचा. कोर्टात उभा राहायचा तो काउन्सेल, आणि त्याला ब्रीफ (खटल्याचे कागद) द्यायचा सॉलिसिटर. काउन्सेल कुणाशी भागीदारी करत नाही, प्रत्येकाची प्रॅक्टिस त्याच्याबरोबर संपते. सॉलिसिटरांच्या मात्र भागीदाऱ्या होत्या. त्यामुळे गिरणी, बंदर, बँक, ट्रस्ट यांचं नातं जडलं ते फर्मशी, कुणा एका माणसाशी नाही. कोर्टात बोलणारा माणूस दर खटल्याला बदलला तरी चालायचं. कागद एका जागी राहायचे.

१९७६ च्या दुरुस्तीने १ जानेवारी १९७७ पासून ॲटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला. तरी मुंबईत सवय टिकली. १८९४ ची बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते, आणि ती पास होणं फार अवघड मानतात.

जिल्ह्यात तसं नव्हतं. तुमच्या आजोबांनी फिर्याद लिहिली, साक्षीदार तयार केला, उलटतपासणी घेतली, युक्तिवादही केला. कुळाचा विश्वास बसला तो आजोबांवर. तो विश्वास तसाच्या तसा दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा? तुमचं ऑफिस वाढलं नाही यात कुणाची कुचराई नाही, कामाची घडणच तशी होती.

माणदेशी

फोर्टकर काका, छान समजावलंत. पण मी पक्षकाराच्या बाजूने बोलतो. आमचा वाटपाचा दावा १९ वर्षं चालला. १२ व्या वर्षी आमचे वकील वारले. देवमाणूस होता, एकदाही फीसाठी अडवलं नाही. मुलगा बंगळूरला इंजिनियर. घर विकायला काढलं तेव्हा मुलाने फोन करून सांगितलं, फाइली घेऊन जा. मी आणि चुलतभाऊ गेलो. खोलीभर गठ्ठे, लाल फडक्यात बांधलेले, वर्षं लिहिलेली पण नावं पुसट झालेली. दोन दिवस शोधलं. १९३८ चं मूळ वाटणीपत्र मिळालं नाही ते नाहीच. नक्कल काढायला गेलो तर तिथेही सापडेना.

दावा शेवटी तडजोडीत संपला, आम्हाला पाच एकर कमी आली. नवीन वकील हुशार होते, पण त्यांना प्रकरण पहिल्यापासून शिकवण्यात दीड वर्ष गेलं. ज्या ऑफिसात वकील गेले तरी माझा कागद राहील असं ऑफिस कुणी काढत असेल तर त्याला माझा आशीर्वाद. नाव काहीही ठेवा.

सोनचाफा

@माणदेशी, वाचून गलबलून आलं.

ॲड_निर्भीड

मी थोडा विरोधात बोलतो. फर्म फर्म म्हणून आपण काय आणणार आहोत? पक्षकार इस्लामपूरहून दोन एसटी बदलून येतो ते 'साहेबां'ना भेटायला. त्याला रिसेप्शनवर बसवून कुणा नव्या मुलाकडे पाठवलं तर तो परत येत नाही. मी हे स्वतः करून पाहिलंय. २०१४ मध्ये आम्ही तिघांनी भागीदारी केली, काचेची केबिन, तासाचा दर, सगळं. दोन वर्षांत जुने पक्षकार निम्मे गेले. एक म्हातारे गृहस्थ मला तोंडावर म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्याकडं आता दुकान झालंय." त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही.

वकिली व्यक्तीची असते आणि तशीच राहावी असं माझं मत झालंय. रागावू नका.

कृष्णाकाठ

@ॲड_निर्भीड, रागावणार कशाला? हेच ऐकायचं होतं. तुमची भागीदारी मोडली ती केबिनमुळे की आणखी कशामुळे?

ॲड_निर्भीड

खरं सांगायचं तर हिशेबामुळे. करारनामा दीड पानी. माझ्या जुन्या पक्षकाराचं काम दुसऱ्याने केलं तर फी कुणाची, हे कुठेच लिहिलं नव्हतं. पहिल्या मोठ्या भूसंपादनाच्या रकमेवर गाडी अडली. मैत्री अजून आहे, पण एकत्र बसत नाही.

लातूरचा_पोर

औरंगाबादचं उदाहरण घ्या, आता छत्रपती संभाजीनगर. २७ ऑगस्ट १९८१ ला बेंच सुरू झालं, आधी तात्पुरतं. त्यालाही आव्हान दिलं होतं. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुराणिक प्रकरणात सांगितलं की १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) खाली मुख्य न्यायमूर्तींना असं खंडपीठ बसवता येतं. १९८४ ला ते कायम झालं. तुमचं कोल्हापूरही त्याच कलमावर उभं आहे.

वडील लातूरला जिल्हा कोर्टात होते. बेंच आल्यावर त्यांच्या बरोबरीचे चारपाच जण औरंगाबादला राहायला गेले. ते मोठे झाले. वडील इथून त्यांना रिट आणि सेकंड अपिलं पाठवत राहिले, नमस्कार-चमत्कार राहिले, पण काम एकाच दिशेने वाहत गेलं. बेंचच्या गावात मोठी ऑफिसं आणि जिल्ह्यात त्यांना फाइली पुरवणारे, असं होऊन बसलं. म्हणून ताई, तुमच्या चौघांत कोल्हापूरवाल्याकडे सगळं गोळा होणार नाही याची तजवीज पहिल्या दिवशी करा. फाइल सांगलीत जन्मली तर हायकोर्टातही सांगलीच्या वकिलाचं नाव वकीलपत्रावर हवं, आणि त्यानेच जाऊन उभं राहावं.

वऱ्हाडी_बाणा

+१. आमच्या नागपूरला तर १९३६ पासून स्वतंत्र हायकोर्टच होतं, १९५६ ला ते मुंबईचं खंडपीठ झालं. तरी चंद्रपूर-यवतमाळच्या वकिलांची तक्रार अगदी हीच.

सोलापुरी_चादर

थोडं विषयांतर करते. आम्हाला कोल्हापूरही दोनशे किलोमीटरच्या पुढेच पडतं. मुंबईपेक्षा जवळ हे खरं, पण रात्रीच्या गाडीत झोपून सकाळी उतरायची सवय होती, आता दिवस प्रवासात जातो. फर्म काढताय तर सोलापूरचा एक भागीदार घ्या हो!

ताईसाहेब_वकील

मी सहा वर्षं ज्युनियर आहे, तेही जिल्ह्याच्या गावी. कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. फर्म का होत नाही? कारण ज्युनियर टिकत नाही. आणि ज्युनियर टिकत नाही कारण त्याला पगार नसतो. पहिली दोन वर्षं मला काहीच मिळालं नाही. सीनियरांच्या घरी दुपारचं जेवण मिळायचं, मायाही मिळाली, ती मी विसरणार नाही. पण खोलीचं भाडं मायेने भरता येत नाही. माझ्याबरोबरच्या सातपैकी चारजण बँकेत किंवा पुण्यातल्या कंपन्यांच्या लीगल डिपार्टमेंटला गेले.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: ज्युनियरला शहरात महिना किमान २०,०००, ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बाररूममध्ये ते वाचलं गेलं आणि पुढचा विषय निघाला.

मुंबईची फर्म दोनशे वर्षं टिकते कारण तिथे आत आलेल्या परक्या घरच्या मुलाला पगार मिळतो आणि एक दिवस भागीदारी मिळू शकते. आमच्याकडे भागीदारी मिळते ती सीनियरांच्या मुलाला. ताई, तुम्ही तिसऱ्या पिढीच्या आहात, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचे तिघं भागीदार गप्प का आहेत ते मला कळतंय. पाटीवर तुमच्या आजोबांचं नाव लागलं की ते तिघं कायम तुमच्या घरचे ज्युनियर दिसणार.

सोनचाफा

@ताईसाहेब_वकील, फार नेमकं लिहिलंत. यावरून आठवलं, १९२३ च्या कायद्यापर्यंत बायकांना वकिलीच्या सनदेचा कायदेशीर हक्कच नव्हता. १९२४ मध्ये मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टात पहिल्या महिला वकील म्हणून आल्या. शंभर वर्षं होऊन गेली, आणि माझ्या भाचीला मागच्याच वर्षी एका ऑफिसात विचारलं, "लग्नानंतर चालू ठेवणार का?"

कृष्णाकाठ

@ताईसाहेब_वकील, वाईट नाही वाटलं. उशिरा कळलं याचं वाटलं. आज संध्याकाळी कराडच्या मैत्रिणीला फोन केला आणि सरळ विचारलं. ती पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुझ्या आजोबांबद्दल आदर आहे गं, पण माझे वडील तलाठी होते. त्यांचं नाव कुठे लावू?"

फोर्टकर

नावावरून सांगतो. मुंबईच्या फर्मांची नावं नीट बघा. दिनशा मुल्ला पुढे १९३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलवर (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) गेले. त्यांची १८९५ ची फर्म आज 'मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो' आहे. ते नाव म्हणजे एकत्र येण्याचा इतिहासच आहे. जो आला त्याचं नाव सोबत आलं. चार नावं लावा आणि थांबा. पाटी जरा लांब होईल एवढंच.

आकडेमोड

पाटी लांब करतानाही जपून :) बार कौन्सिलच्या नियम ३६ मध्ये पाटी बेताच्या आकाराची हवी असं आहे, आणि अमुक कामात विशेष प्रावीण्य असंही लिहिता येत नाही. जाहिरात बंद. २००८ पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देता येते. म्हणजे फर्म वाढणार ती तोंडी कीर्तीवरच.

मी सीए आहे, म्हणून रचनेचं सांगतो. १९५६ च्या कंपनी कायद्यात भागीदारीला २० जणांची मर्यादा होती. मोठ्या फर्मांना ती खूप वर्षं काचली. २००८ चा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) कायदा आला आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने व्यावसायिकांच्या भागीदारीला संख्येच्या मर्यादेतून वगळलं. तुम्ही चौघं आहात, तुम्हाला संख्येची अडचण नाही. तरी एलएलपीचा विचार करा, एकाच्या चुकीचा बोजा दुसऱ्याच्या घरावर येत नाही. आणि करार दीड पानी नको, निर्भीड यांचं वर वाचलंतच.

एक मात्र ध्यानात ठेवा: वकील नसलेल्याला फीमध्ये वाटा देता येत नाही.

कृष्णाकाठ

@आकडेमोड, शेवटच्या वाक्यापाशी अडले. आमचे कारकून ४१ वर्षं ऑफिसात आहेत. बाबा आजारी होते ते आठ महिने ऑफिस त्यांनीच चालवलं, एकही तारीख चुकली नाही. मला त्यांना थोडा हिस्सा द्यायचा होता. म्हणजे ते जमणारच नाही?

थेम्सकाठ

मी लंडनला सॉलिसिटर आहे, मूळचा मिरजेचा. इंग्लंडमध्ये २००७ च्या लीगल सर्व्हिसेस कायद्यानंतर वकील नसलेल्यालाही परवाना असलेल्या फर्ममध्ये मालकी घेता येते. भारतात ते दार बंद आहे, आणि मला स्वतःला ते काही अंशी योग्य वाटतं. इथे पैसा घालणारे आले तेव्हा कमी फीची छोटी कामं आधी गेली. कारकुनांना चांगला पगार, भविष्यनिर्वाह निधी, विमा द्या. नफ्यातला वाटा नको, पण पगार असा द्या की वाट्याची आठवण होऊ नये.

पंचगंगा

एक विचारतो. घरातल्या घरातही फुटतंच ना? अमरचंद मंगलदास १९१७ ची फर्म. आईच्या मृत्युपत्रावरून दोन भावांत वाद झाला आणि २०१५ ला सिरिल आणि शार्दुल अशा दोन फर्म झाल्या.

फोर्टकर

झाल्या, पण दोन्ही चालू आहेत, दोन्ही वाढल्या. एव्हाना तिथे घराबाहेरचे एवढे भागीदार होते की काम कुणा एकावर अडलेलं नव्हतं. अशा फर्मांना १९९१ नंतर परकीय गुंतवणुकीच्या कामाने बळ दिलं, हेही खरं. त्या काळात परदेशी फर्म इथे यायला बघत होत्या, त्याविरुद्धची याचिका १९९५ ची आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल डिसेंबर २००९ चा. तेवढा काळ इथल्यांना मोकळं मैदान मिळालं. तुमच्या भागात तसं बळ कशातून येईल याचा विचार करा. मला वाटतं कारखाने, नागरी बँका, इचलकरंजीचे यंत्रमाग, तासगावची द्राक्षं, महामार्गाचं भूसंपादन. ही कामं दर दोनचार वर्षांनी परत येतात. वाटपाच्या दाव्याचा पक्षकार आयुष्यात एकदाच येतो.

माणदेशी

काका, एकदाच येणाऱ्यालाही विसरू नका.

फोर्टकर

खरं आहे. चुकलं माझं. त्याच्यासाठीच तर फर्म हवी.

जुना_दप्तरदार

नमस्कार. मी वकील नाही. ३८ वर्षं एका वकिलांकडे कारकुनी केली, आता निवृत्त. नातीने हा धागा वाचून दाखवला आणि माझ्यासाठी हे टंकून देतेय.

आपण सगळे नाव, करार, नफा यावर बोललात. मी डायरीबद्दल सांगतो. आमच्याकडे प्रत्येक तारीख तीन ठिकाणी लिहायची: साहेबांच्या डायरीत, ऑफिसच्या रजिस्टरात, आणि फाइलच्या वरच्या कागदावर. कोर्टातून आल्यावर जेवायच्या आधी. मूळ कागद फाइलीत कधीच ठेवायचा नाही. त्याला वेगळं पाकीट, वेगळं कपाट, आणि पाकिटावर पक्षकाराची सही: दिला कधी, नेला कधी. माणदेशी साहेबांचं वाटणीपत्र वाचून मला फार लागलं. आमच्याकडे ते गेलं नसतं. पण आमचे साहेब गेल्यावर ते रजिस्टरही रद्दीत गेलं, तेव्हा मी बढाई मारू नये.

चार गावांत चार डायऱ्या झाल्या तर ती फर्म नाही, चार ऑफिसं आहेत. आता संगणक आहे, ई-कोर्टावर तारीख कळते. पण त्या तारखेला काय करायचंय, कुठला साक्षीदार आणायचाय, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून मुदत मागायचीय, ते संगणकाला माहीत नसतं. ते लिहिणारा माणूस नेमा आणि त्याला चौघांनीही विचारल्याशिवाय तारीख घेऊ नये.

ॲड_निर्भीड

दप्तरदार काका, नमस्कार. आमच्या भागीदारीत केबिन तीन होत्या आणि रजिस्टरही तीन. आज पहिल्यांदा लक्षात आलं. मी वर जे मत ठाम लिहिलं ते आता तितकं ठाम राहिलं नाही.

ताईसाहेब_वकील

अशा ऑफिसात मी काम केलं असतं.

कृष्णाकाठ

मंडळी, परवा रविवारी आम्ही चौघं मिरजेत भेटलो. हा धागा छापून नेला होता.

आजोबांचं नाव लावायचं नाही असं ठरलं. बाबांना मीच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "दप्तर मात्र माझ्या वडिलांच्या कपाटात ठेवा." ते मान्य केलं. चौघांची आडनावं, वयाच्या क्रमाने. वकीलपत्रावर ज्याच्या गावची फाइल त्याचं नाव पहिलं, आणि हायकोर्टात शक्यतो त्यानेच उभं राहायचं. फीचं टक्केवारीत लिहून काढलं, त्यावर दोन तास गेले आणि एकदा आवाजही चढले. ज्युनियर दोनच घ्यायचे, पण पहिल्या महिन्यापासून पंधरा हजार, आणि सात वर्षांनी भागीदारीचा विचार करायचा हे करारातच लिहायचं. कारकुनांचं थेम्सकाठ म्हणाले तसं. ते ऐकून ते म्हणाले, "हिस्सा कशाला, मला टेबल खिडकीपाशी द्या." दोन्ही देणार आहोत, पगार आणि खिडकी.

@ताईसाहेब_वकील, एक जागा तुमच्यासाठी ठेवावी का? निरोपात कळवा.

एकच अडलंय. तीन पिढ्यांचे मिळून अंदाजे सहा हजार गठ्ठे आहेत, त्यातले मूळ कागद वेगळे काढायचे आहेत. कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

जुना_दप्तरदार

सगळ्यात जुन्या वर्षापासून नको. आधी चालू दावे, मग ज्यांचे पक्षकार हयात आहेत ते, मग बाकीचे. पक्षकारांना पत्रं टाकावी लागतील. मी सांगलीतच असतो, सकाळी दहा ते एक येऊ शकेन. नात म्हणतेय तीही येते, तिला अक्षर चांगलं आहे. कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?